विश्लेषण : कम्पायलरचा आकडा नको, काम तपासा! ग्रेस हॉपर यांचा धडा आजही का लागू पडतो?

जुन्या प्रोजेक्टमध्ये नेटवर्किंगची नवी लायब्ररी जोडायची, बिल्ड सुरू करायचे आणि काही सेकंदांत कम्पायलर जुना असल्याचा लाल अक्षरांतला संदेश पाहायचा, हा अनुभव सॉफ्टवेअर क्षेत्रात कुणालाच नवा नाही. गंमत म्हणजे अनेकदा कम्पायलर अगदी ताजा असतो. चुकलेली असते ती त्याची आवृत्ती तपासणारी एखादी ओळ. सोनिवली-बदलापूर पट्ट्यातून ऐरोली, महापे, पवईच्या आयटी कंपन्यांत रोज लोकलने जाणाऱ्या अनेकांना ही ओळ कधी ना कधी दुरुस्त करावी लागते.

कम्पायलर स्वतःबद्दल काय सांगतो ते मानायचे, की तो प्रत्यक्ष काय करू शकतो ते तपासायचे? हा प्रश्न निदान साडेपाच दशके जुना आहे. त्याचे शिस्तशीर उत्तर शोधणाऱ्यांत अमेरिकी नौदलातील एक गणितज्ञ आघाडीवर होत्या. रिअर अ‍ॅडमिरल ग्रेस हॉपर (१९०६-१९९२) यांच्या आयुष्याची आणि त्या उत्तराची ही गोष्ट.

आवृत्तीची तपासणी म्हणजे काय? ती चुकते कशी?

प्रोग्रॅमर माणसाला कळेल अशा भाषेत सूचना लिहितो. त्यांचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करतो तो कम्पायलर. भाषेत दर काही वर्षांनी नव्या सोयी येतात आणि नव्या लायब्ररी त्या सोयी वापरतात. उदाहरणार्थ, 'सी प्लस प्लस'च्या २०२०च्या मानकात 'को-रूटीन' ही सोय आली. एकाच वेळी हजारो नेटवर्क जोडण्या सांभाळणारा कोड तिच्यामुळे सरळ, वाचता येईल असा लिहिता येतो. 'असिओ'सारखी नेटवर्किंग लायब्ररी तिचा उपयोग करते.

समोरच्या कम्पायलरला ही सोय येते का, हे लायब्ररीला आधी ठरवावे लागते. सोपा मार्ग म्हणजे आवृत्तीचा क्रमांक पाहणे. इथेच घोळ होतो.

पहिला घोळ तुलनेचा. क्रमांकाकडे संख्या म्हणून न पाहता अक्षरे म्हणून पाहिले तर १० हा ९च्या आधी येतो, कारण १ हे अक्षर ९च्या आधीचे आहे. मग दहावी आवृत्ती नवव्यापेक्षा जुनी ठरते.

दुसरा घोळ ओळखीचा. 'क्लँग' हा कम्पायलर जुन्या कोडशी जुळवून घेण्यासाठी स्वतःची ओळख 'जीसीसी'ची ४.२ आवृत्ती अशीही करून देतो. मायक्रोसॉफ्टच्या कम्पायलरला वेगळे सेटिंग दिले नाही, तर भाषेच्या मानकाबद्दल विचारल्यावर तो अजूनही १९९८च्या मानकाचाच आकडा सांगतो, मग त्याला त्यानंतरची कितीही मानके येत असोत. आकड्यावर विसंबलेली लायब्ररी अशा वेळी नवी सोय गुपचूप बंद करते किंवा बिल्डच थांबवते.

हे फक्त गैरसोयीचे असते तर ठीक होते. पण नवी लायब्ररी घेता आली नाही की टीम जुन्यावरच राहते, आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या तिच्यापर्यंत पोहोचत नाहीत. एप्रिल २०१४ मध्ये उघड झालेल्या 'हार्टब्लीड' त्रुटीमुळे 'ओपन-एसएसएल' लायब्ररी वापरणाऱ्या सर्व्हरच्या मेमरीतील मजकूर एका मागणीत ६४ किलोबाइटपर्यंत बाहेरच्या माणसाला वाचता येत होता. दुरुस्त आवृत्ती लगेच उपलब्ध झाली, पण ती ज्यांनी बसवली त्यांनाच तिचा उपयोग झाला.

ग्रेस हॉपर कोण होत्या?

ग्रेस ब्रूस्टर मरे यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यू यॉर्कमध्ये झाला. तीन भावंडांत त्या थोरल्या. वयाच्या सातव्या वर्षी गजराचे घड्याळ चालते कसे हे पाहण्यासाठी त्यांनी घरातली घड्याळे एकामागून एक उघडली होती.

व्हासार कॉलेजने त्यांना पहिल्या प्रयत्नात प्रवेश दिला नाही, कारण लॅटिनच्या परीक्षेत गुण कमी पडले. पुढच्या वर्षी प्रवेश मिळाला आणि १९२८ मध्ये गणित व भौतिकशास्त्रात पदवी घेऊन त्या बाहेर पडल्या. येल विद्यापीठातून १९३० मध्ये पदव्युत्तर पदवी आणि १९३४ मध्ये गणितात पीएचडी मिळवली. १९३१ पासून त्या व्हासारमध्येच गणित शिकवू लागल्या होत्या. १९३० मध्ये व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९४५ मध्ये दोघे विभक्त झाले, पण हॉपर हे आडनाव त्यांनी कायम ठेवले.

नौदलात त्या कशा आल्या?

अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरल्यावर हॉपर यांना नौदलात जायचे होते. वय पस्तिशीचे, म्हणून त्यांना नाकारण्यात आले. शिवाय गणिताच्या प्राध्यापक म्हणून त्यांचे काम देशाला अधिक उपयोगाचे आहे, असेही कारण होते. वजनाची अटही आडवी आली, कारण ते किमान मर्यादेपेक्षा १५ पौंडांनी, म्हणजे सुमारे ७ किलोंनी कमी भरले. अखेर विशेष सवलत मिळवून डिसेंबर १९४३ मध्ये त्या नौदलाच्या राखीव दलात दाखल झाल्या. प्रशिक्षणात त्यांचा पहिला क्रमांक आला.

१९४४ मध्ये त्यांची नेमणूक हार्वर्ड विद्यापीठात हॉवर्ड आयकेन यांच्या हाताखाली झाली. तिथे 'मार्क-१' हे सुमारे ५१ फूट लांब आणि ८ फूट उंच गणकयंत्र नौदलासाठी आकडेमोड करत होते. हॉपर या यंत्राच्या पहिल्या प्रोग्रॅमरपैकी एक. १९४६ मध्ये त्याची ५६१ पानांची माहितीपुस्तिका प्रसिद्ध झाली, तीही मुख्यतः त्यांनीच लिहिलेली. युद्ध संपल्यावर त्यांनी नियमित नौदलात बदली मागितली. तेव्हा पुन्हा वयाचा आकडा पुढे आला आणि विनंती फेटाळली गेली. त्या राखीव दलातच राहिल्या.

'बग'ची प्रसिद्ध गोष्ट खरी किती?

९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या 'मार्क-२' यंत्रातील एका रिलेमध्ये पतंग अडकलेला सापडला. तो नोंदवहीत चिकटवून ठेवण्यात आला. ती वही आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. हॉपर हा किस्सा रंगवून सांगत, त्यामुळे 'बग' हा शब्द त्यांनीच शोधला असा समज पसरला. तो बरोबर नाही. पतंग त्यांना सापडला नव्हता आणि यंत्रातील दोषाला 'बग' म्हणण्याची पद्धत एडिसनच्या काळापासूनची आहे. हॉपर यांचे खरे मोठे काम त्यानंतर सुरू झाले.

कम्पायलरची कल्पना कुठून आली?

१९४९ मध्ये हॉपर फिलाडेल्फियाच्या एकर्ट-मॉकली कंपनीत रुजू झाल्या. ही कंपनी 'युनिव्हॅक' बनवत होती. पुढच्याच वर्षी ती रेमिंग्टन रँडने विकत घेतली.

तेव्हा प्रोग्रॅमर मंडळी उपयोगी तुकडे, म्हणजे सबरूटीन, वहीत लिहून ठेवत आणि गरज पडली की एकमेकांच्या वहीतून उतरवून घेत. नव्या प्रोग्रॅममध्ये तो तुकडा बसवताना त्यातील प्रत्येक पत्ता बेरीज करून बदलावा लागे. उतरवताना चुका होत, बेरजेतही होत. हॉपर यांचा विचार साधा होता. उतरवणे आणि बेरीज करणे ही यंत्राची कामे आहेत, मग ती माणसाने का करायची?

१९५२ मध्ये त्यांनी 'ए-०' तयार केला. सबरूटीन चुंबकीय टेपवर, प्रत्येकाला क्रमांक. प्रोग्रॅमरने फक्त क्रमांकांची यादी द्यायची. यंत्र तुकडे शोधून, पत्ते बदलून, सलग प्रोग्रॅम रचून देई. आजच्या व्याख्येने 'ए-०'ला कम्पायलरपेक्षा लिंकर किंवा लोडर म्हणणे जास्त योग्य होईल. पण तुकडे गोळा करून एकत्र रचणे या अर्थाने 'कम्पायलर' हा शब्द तिथून रुळला. लायब्ररीतून तयार भाग उचलून प्रोग्रॅमला जोडण्याचे जे काम आजचे प्रत्येक बिल्ड करते, त्याचा हा एक प्रारंभ.

सुरुवातीला त्यावर फारसा कुणाचा विश्वास बसला नाही. यंत्र फक्त आकडेमोड करते, प्रोग्रॅम लिहू शकत नाही, अशी समजूत पक्की होती.

यंत्राला इंग्रजी कळते का?

हॉपर यांचे पुढचे पाऊल अधिक धाडसी होते. हिशेब ठेवणाऱ्यांना गणिताची चिन्हे नकोशी वाटतात, त्यांना शब्द हवे असतात. म्हणून इंग्रजी शब्दांत सूचना देता येतील अशी भाषा त्यांनी प्रस्तावित केली. कंपनीच्या वरिष्ठांना पटावे म्हणून तोच छोटा प्रोग्रॅम फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही चालवून दाखवला. परिणाम उलटा झाला. पेनसिल्व्हेनियात बनलेल्या अमेरिकी यंत्राला परकी भाषा कशी कळेल, या विचाराने वरिष्ठ बिथरले. आपण फक्त इंग्रजीच वापरू, अशी हमी हॉपर यांना द्यावी लागली.

यंत्रासाठी शब्द म्हणजे चिन्हांची एक ओळख असते. ठरवून दिले तर मराठी शब्दही तितकेच चालले असते. हे पटवण्यात काही वर्षे गेली, पण त्यातून १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात 'फ्लो-मॅटिक' ही भाषा वापरात आली.

कोबॉल आणि दोन यंत्रांची परीक्षा

तोवर दुसरी अडचण उभी राहिली होती. प्रत्येक कंपनीचे यंत्र वेगळे आणि प्रत्येक यंत्राची भाषाही वेगळी. यंत्र बदलले की सगळे प्रोग्रॅम नव्याने लिहायचे. यावर तोडगा म्हणून मे १९५९ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या पुढाकाराने पेंटागॉनमध्ये बैठक झाली. त्यातून 'कोडासिल' ही समिती आणि पुढे 'कोबॉल' भाषा आली. कोबॉल एकट्या हॉपर यांनी लिहिलेली नाही. मेरी हॉस यांनी अशा समान भाषेसाठी आधी आग्रह धरला होता, आणि जीन सॅमेट यांच्यासह अनेकांनी तपशील घडवला. हॉपर कार्यकारी समितीच्या तांत्रिक सल्लागार होत्या आणि कोबॉलवर 'फ्लो-मॅटिक'ची छाप स्पष्ट होती.

६ आणि ७ डिसेंबर १९६० रोजी निर्णायक प्रयोग झाला. एकच कोबॉल प्रोग्रॅम 'आरसीए ५०१' आणि 'युनिव्हॅक-२' या दोन वेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर, किरकोळ फेरबदल करून, चालवून दाखवण्यात आला. बदलापूरकरांना याचे मर्म चटकन कळेल. प्रवासात इथे घोडे बदलले जात म्हणून गावाचे हे नाव पडले, असे सांगितले जाते. घोडा बदलला तरी स्वार तोच आणि थैलीही तीच. प्रोग्रॅमचेही तसेच व्हावे, हा कोबॉलचा उद्देश होता.

पुढे बँका, विमा कंपन्या आणि सरकारी खात्यांत कोबॉल घट्ट रुजली. १९९०च्या दशकाअखेरीस वाय-टू-केच्या कामांमुळे मुंबई-पुण्यातील अनेक तरुण अभियंत्यांची पहिली नोकरी याच भाषेतली होती.

निवृत्त अधिकाऱ्याला नौदलाने परत का बोलावले?

१९६६च्या अखेरीस, वयाची साठी झाल्यावर, हॉपर कमांडर पदावरून राखीव दलातून निवृत्त झाल्या. सात महिन्यांत, ऑगस्ट १९६७ मध्ये, नौदलाने त्यांना सहा महिन्यांसाठी परत बोलावले. सहा महिन्यांची ही मुदत पुढे बेमुदत झाली. १९७१ मध्ये पुन्हा निवृत्ती आणि १९७२ मध्ये पुन्हा बोलावणे आले. १९७३ मध्ये त्या कॅप्टन झाल्या. वय आणि वजनाच्या आकड्यांवर ज्या व्यक्तीला दारातच अडवले होते, तिच्या कामावाचून आता नौदलाचे अडत होते.

काम होते कोबॉलमधील गोंधळ निस्तरण्याचे. प्रत्येक विक्रेता आपल्या कम्पायलरवर कोबॉलचे लेबल लावत असे, पण प्रत्येकाची कोबॉल थोडी निराळी. कुणी एखादी सोय गाळलेली, तर कुणी स्वतःची भर घातलेली. एका यंत्रावर चालणारा प्रोग्रॅम दुसऱ्यावर अडकत होता. १९६८ मध्ये कोबॉलचे अमेरिकी राष्ट्रीय मानक आले, पण विक्रेता ते पाळतो की नाही, हे कुणी तपासायचे?

हॉपर यांच्या गटाने त्यासाठी चाचणी प्रोग्रॅमचा संच तयार केला. प्रत्येक चाचणी भाषेतील विशिष्ट सोय वापरून पाही आणि तिचे अपेक्षित उत्तर आधीच ठरलेले असे. विक्रेत्याच्या कम्पायलरमधून हे प्रोग्रॅम काढायचे, चालवायचे आणि उत्तर जुळते का ते पाहायचे. माहितीपत्रकात काय छापले आहे याला इथे किंमत नव्हती. १९७७ पर्यंत त्या नौदलाच्या प्रोग्रॅमिंग भाषा गटाच्या प्रमुख होत्या. नौदलातल्या या चाचण्यांची पद्धत पुढे अमेरिकी सरकारच्या कम्पायलर तपासणीतही आली.

नेटवर्कशी त्यांचा संबंध काय?

१९७०च्या दशकातच हॉपर सांगत होत्या की एका प्रचंड यंत्रावर सगळा भार टाकण्यापेक्षा छोटी छोटी यंत्रे नेटवर्कने जोडावीत. संरक्षण खात्याने तो मार्ग धरावा, असा त्यांचा आग्रह होता.

त्यांच्या व्याख्यानांतील सर्वांत गाजलेली वस्तू म्हणजे सुमारे ३० सेंटिमीटर, म्हणजे ११.८ इंच लांबीची तार. एका नॅनोसेकंदात प्रकाश जास्तीत जास्त एवढेच अंतर जातो. मायक्रोसेकंद दाखवायला त्या सुमारे ९८४ फूट, म्हणजे ३०० मीटर तारेचे भेंडोळे आणत. बारा डब्यांच्या लोकलपेक्षाही लांब! उपग्रहामार्गे संदेश यायला वेळ का लागतो, हे वरिष्ठ अधिकाऱ्यांना त्या तारेचे तुकडे दाखवून समजावत.

तोच हिशेब आपल्याकडे लावून पाहता येतो. बदलापूर ते सीएसएमटी हे रेल्वेने सुमारे ६८ किलोमीटर. मोकळ्या अवकाशात हे अंतर कापायला प्रकाशाला साधारण २२७ मायक्रोसेकंद लागतील. ऑप्टिकल फायबरच्या काचेत त्याचा वेग सुमारे दोन तृतीयांश असतो, म्हणजे तिथे ३४० मायक्रोसेकंदांच्या आसपास. इतक्या अवधीत आजचा प्रोसेसर लाखो सूचना पार पाडतो. उत्तराची वाट पाहत प्रोग्रॅम अडून राहिला तर तो सगळा वेळ वाया जातो. 'को-रूटीन'सारखी सोय नेटवर्किंग लायब्ररीला हवी असते ती यासाठीच. एका जोडणीचे उत्तर येईपर्यंत प्रोग्रॅम दुसरीचे काम उरकतो.

मग आजची दुरुस्ती कशी करायची?

हॉपर यांच्या पद्धतीने. कम्पायलरचा आकडा विचारण्याऐवजी त्याला काम देऊन पाहायचे. 'ऑटोकॉन्फ' आणि 'सीमेक'सारखी साधने बिल्डच्या सुरुवातीला चार ओळींचा नमुना प्रोग्रॅम कम्पाइल करून पाहू शकतात. तो पार पडला तर सोय आहे, नाही तर नाही. 'सी प्लस प्लस'च्या २०२०च्या मानकाने आणखी एक सोपा रस्ता अधिकृत केला. प्रत्येक सोयीसाठी ठरावीक नावाची खूण असते. ती खूण आहे का एवढेच कोडने पाहायचे, कम्पायलर कुणाचा आणि कितवा हे विचारायची गरज नाही.

क्रमांक तपासावाच लागला तर तीन पथ्ये पाळावीत. तुलना संख्यांची करावी, अक्षरांची नाही. अमुकच आवृत्ती न मागता अमुक किंवा त्यानंतरची मागावी. आणि 'क्लँग'ची ओळख 'जीसीसी'च्या आधी पाहावी, कारण तो दोन्ही नावांना ओ देतो.

या पद्धतीला मर्यादा नाहीत का?

आहेत. खूण असणे म्हणजे सोय निर्दोष असणे नव्हे. 'जीसीसी'च्या दहाव्या आवृत्तीत को-रूटीन आल्या खऱ्या, पण वेगळा पर्याय देऊनच सुरू कराव्या लागत, आणि पहिल्या आवृत्त्यांमध्ये दोष असणे स्वाभाविकच होते. एखाद्या आवृत्तीत नेमका दोष आहे हे माहीत असेल, तर तेवढ्या आवृत्तीला नावानिशी वगळणे योग्यच. चाचण्यांचा संचही फक्त त्यात असलेल्या चाचण्यांपुरतेच सांगू शकतो. कोबॉलच्या परीक्षेत पास झालेला कम्पायलर निर्दोष आहे, अशी हमी त्यातूनही मिळत नव्हती.

फरक मुळाशी काय गृहीत धरले जाते यात आहे. आकड्याची तपासणी ती लिहिल्याच्या दिवशी बरोबर असते आणि वेळ जाईल तशी शिळी होते. कामाची तपासणी उद्याच्या, आज अस्तित्वात नसलेल्या कम्पायलरलाही तितकीच लागू पडते.

अखेरची वर्षे आणि वारसा

हॉपर यांच्या कार्यालयातील भिंतीवरचे घड्याळ उलटे फिरत असे. पद्धत बदलली तरी वेळ वाचता येते, हे येणाऱ्या-जाणाऱ्याच्या लक्षात यावे म्हणून. १९८३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या विशेष आदेशाने त्यांना कमोडोर पद मिळाले. १९८५ मध्ये त्या पदाचे नाव रिअर अ‍ॅडमिरल झाले. १४ ऑगस्ट १९८६ रोजी बोस्टनमध्ये 'यूएसएस कॉन्स्टिट्यूशन' या ऐतिहासिक जहाजावर त्यांचा निवृत्ती सोहळा झाला. तेव्हा ७९ वर्षांच्या हॉपर अमेरिकी नौदलातील सर्वांत वयस्क कार्यरत अधिकारी होत्या. त्यानंतरही डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये त्या सल्लागार म्हणून काम करत राहिल्या.

१ जानेवारी १९९२ रोजी, वयाच्या ८५व्या वर्षी त्यांचे निधन झाले. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्यांना लष्करी इतमामात निरोप देण्यात आला. नौदलाने एका विनाशिकेला 'यूएसएस हॉपर' नाव दिले. २०१६ मध्ये त्यांना 'प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम' मरणोत्तर प्रदान करण्यात आले.

आवृत्तीच्या तपासणीची चुकीची ओळ दुरुस्त करणाऱ्याला पदक मिळत नाही. बहुतेकदा त्या बदलाकडे कुणाचे लक्षही जात नाही. पण त्यामुळे नवी नेटवर्किंग लायब्ररी जोडली जाते आणि तिच्याबरोबर सुरक्षेच्या दुरुस्त्या ग्राहकाच्या मोबाइलपर्यंत पोहोचतात. त्यासाठी आधी एवढेच पाहावे लागते, की समोरचा कम्पायलर खरेच जुना आहे, की आपला प्रश्नच जुना झाला आहे.